क्राइस्टचर्चला उतरल्यावर गाडी कधी घ्यावी आणि पहिले काही दिवस किती चालवावी?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याचं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, सहा वर्षांची मुलगी आणि पासष्टी ओलांडलेले आई-बाबा. १८ डिसेंबरला सकाळी साडेदहाला सिंगापूरहून क्राइस्टचर्चला उतरणार. विमानतळावरच गाडी घेऊन त्याच दिवशी टेकापो, दुसऱ्या दिवशी माउंट कुक बघून वानाका, तिसऱ्या दिवशी क्वीन्सटाउन आणि चौथ्या दिवशी मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला जाऊन परत. एकूण दहा रात्री, परतीचं विमान क्वीन्सटाउनहून. गाडी एकटे तुम्हीच चालवणार. वहिनींना गाडी येते, पण त्या ‘परदेशात नको’ म्हणतात. तुम्ही विचारलंय ते एवढंच, की ही अंतरं जमतील का, गाडी कुठली घ्यावी आणि खाऊ किती आणता येईल.

अंतरं जमतात. क्राइस्टचर्च ते टेकापो साधारण सव्वादोनशे किलोमीटर, टेकापो ते माउंट कुक गाव शंभर-सव्वाशेच्या आत, तिथून वानाका दोनशेच्या थोडं वर. पुणे-कोल्हापूर चालवणाऱ्या माणसाला यात अवघड काही वाटणार नाही. मी क्राइस्टचर्चलाच राहतो. आधी भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर चाव्या द्यायचं काम करत होतो, आता आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांना स्वतः गाडी चालवत फिरायच्या सहलींचे बेत आखून देतो. आलेला जवळजवळ प्रत्येक बेत नकाशावर बरोबर असतो. चुकतं ते वेळेचं गणित, आणि तेही गाडी चालवणाऱ्याच्या झोपेचं.

डिसेंबरात न्यूझीलंडचं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असतं. तुम्ही साडेदहाला उतराल तेव्हा तुमच्या शरीरासाठी पहाटेचे तीन वाजलेले असतील. मुंबई ते सिंगापूर, तिथली वाट पाहणी, मग पुढचे दहा तास, हे सगळं अर्धवट झोपेत. सामान, इमिग्रेशन, बायोसिक्युरिटीची, म्हणजे बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून होणाऱ्या सामान-तपासणीची रांग, गाडीचे कागद यात सहज दोन तास जातात. म्हणजे चावी हातात पडते साडेबाराला, शरीराच्या हिशेबाने पहाटे पाचला. आणि समोर येतं ते कँटरबरीचं मैदान. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कुरणं आणि वाऱ्यासाठी लावलेली झाडांची कुंपणं, तासभर दृश्य बदलत नाही. समृद्धी महामार्गावर पहाटेच्या वेळी डोळ्यांवर झापड कशी येते हे तुम्हाला ठाऊक असेलच. इथे तशीच येते, फक्त रस्ता दुपदरी असतो आणि समोरून येणारा ट्रक तुमच्यापासून एका पांढऱ्या रेषेवर असतो. मधे दुभाजक नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यांत ठाम सांगणं: १८ तारखेला गाडी ताब्यातच घेऊ नका. टॅक्सीने हॉटेलवर जा, १९ला सकाळी गाडी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचेल. ‘एक दिवस वाया जातो’ असं लोक म्हणतात, पण तो दिवस तसाही कुणाच्या हाती लागत नाही. टेकापोला पोचून सगळे संध्याकाळी सहाला झोपतात, रात्री दोनला टक्क जागे होतात, आणि तलाव नीट पाहिलेला नसतो.

त्या दिवशी क्राइस्टचर्चमध्ये करायला पुष्कळ आहे, आणि तेही पायी. २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली आणि शहराचा मध्यभाग जवळजवळ पुसला गेला. त्यानंतर जे उभं राहिलं ते पाहण्यासारखं आहे: जपानी वास्तुरचनाकार शिगेरु बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून उभारलेलं कॅथेड्रल, तुरंगा हे वाचनालय, रिव्हरसाइड मार्केट. मुलीला मार्गारेट माही प्लेग्राउंडला न्या. तिथून ती स्वतःहून बाहेर पडणार नाही. आई-बाबांना बोटॅनिक गार्डनमधल्या एव्हन नदीकाठच्या बाकांवर बसवा. हेतू एकच: दुपारी उन्हात, उघड्यावर राहायचं आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत कसंही करून जागं राहायचं. दुपारी पडायचंच असेल तर गजर लावून अर्धा-पाऊण तास. पडदे ओढून तीन तास झोपलात तर पुढचे तीन दिवस घड्याळ जागेवर येणार नाही.

आता याच गणिताचा दुसरा भाग, जो फारसा कुणी ध्यानात घेत नाही. आपल्याकडची सवय म्हणजे पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता कापायचा. इथे पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळच सगळ्यांत वाईट. सकाळचे दहा ते साडेबारा म्हणजे शरीरासाठी मध्यरात्र उलटल्यानंतरचे, गाढ झोपेचे तास. रात्रभर झोपलेला माणूसही त्या वेळी जड असतो. उलट दुपारी दोननंतर भारतात सकाळ होते आणि शरीर आपोआप जागं होतं. डिसेंबरात इथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे दुपारी निघण्यात काहीच जात नाही. म्हणून १९ला सकाळी गाडी घ्या, सुपरमार्केट उरका, दुपारचं जेवण शहरातच घ्या आणि दीड-दोनला निघा.

थांबत थांबत सहा-साडेसहापर्यंत टेकापो येईल. वाटेत रकाया नदीचा पूल लागतो, पावणेदोन किलोमीटर लांब, देशातला सर्वांत लांब रस्तापूल. पुढे रंगिटाटाजवळ महामार्ग सोडून जेराल्डीनकडे वळायचं. जेराल्डीन आणि फेअरली इथे प्रत्येकी एकदा सगळ्यांनी उतरून पाय मोकळे करा, गाडी चालवणाऱ्याने तर नक्कीच. एक लक्षात ठेवा, लहान गावांतले कॅफे दुपारी तीन-चारला बंद होतात, तेव्हा थर्मासमध्ये चहा बरोबर असू द्या. फेअरलीनंतर बर्क्स पास चढलात की मैदान संपतं, झाडी जाते, आणि पिवळ्या गवताच्या पठारापलीकडे बर्फाचे डोंगर दिसायला लागतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टेकापोचा तो दुधाळ निळा रंग पाहायला मिळेल, आणि दिवसभराच्या सहलींच्या बस तोवर परत गेलेल्या असतील. तलावाकाठचं १९३५चं चर्च बाहेरून निवांत पाहता येतं. आत फोटोला मनाई आहे.

जेट लॅगचा इथे चक्क फायदा होतो. टेकापो हे २०१२ साली जाहीर झालेल्या आओराकी-मॅकेन्झी डार्क स्काय रिझर्व्हमध्ये, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश जपण्यासाठी राखलेल्या भागात येतं. पण डिसेंबरात खरा अंधार साडेअकरा-बाराच्या सुमारास पडतो, आणि उन्हाळ्यात येणारे बहुतेक लोक तोवर पेंगलेले असतात. तुमच्या शरीरासाठी तेव्हा दुपारचे चार-साडेचार झालेले असतील. मुलगी झोपली तर झोपू दे, पण आई-बाबा नक्की जागे राहतील. मोटेलच्या मागे दिव्यांपासून लांब उभं राहून वीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवायचा, एवढीच तयारी लागते. आकाशगंगेशेजारी मॅजेलनचे दोन ढग, म्हणजे शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका दिसतात, ज्या महाराष्ट्रातून नीट पाहायला मिळत नाहीत. येण्याआधी पंचांगात तिथी कोणती तेवढं बघा. पौर्णिमेच्या आसपास असाल तर ही अपेक्षा ठेवू नका.

टेकापोला दोन रात्री राहा. तुमच्या बेतात रोज नवीन गाव आहे, म्हणजे रोज पाच जणांचं सामान बांधायचं आणि दहाच्या आत खोली सोडायची, कारण इथल्या मोटेलांची चेक-आउटची वेळ सहसा तीच असते. नेमकी तीच वेळ तुमची गाढ झोपेची. दोन रात्री असल्या की २०ला सगळे साडेनऊपर्यंत झोपू शकतात, सामान खोलीतच, आणि अकरा-साडेअकराला माउंट कुकसाठी निघता येतं. तारे पाहायला दुसरी संधी मिळते ती वेगळीच. टेकापो महाग वाटलं तर पन्नास-साठ किलोमीटर पुढे ट्वाइझेलला दोन्ही रात्री करा, पण एकाच ठिकाणी करा.

माउंट कुकला जाणारा रस्ता पुकाकी तलावाच्या काठाकाठाने जातो. हिमनदीने खडकाची केलेली बारीक पूड पाण्यात तरंगत राहते, म्हणून तो रंग. प्रत्येकाला वाटतं की इथेच थांबावं. थांबा, पण फक्त ठरवून दिलेल्या थांब्यांवर. रस्त्याच्या कडेला अर्धी गाडी डांबरावर ठेवून फोटो काढणारे पर्यटक हा तिथला रोजचा धोका आहे; मागून गाड्या शंभरच्या वेगाने येत असतात. मधले फोटो शेजारी बसलेल्याने काचेतून काढावेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत रस्त्याकडेला जांभळ्या-गुलाबी ल्युपिनचे ताटवे असतात, ते पाहायलाही थांब्यावरच उतरा.

गावात पोचल्यावर आधी डॉकच्या, म्हणजे निसर्गसंवर्धन खात्याच्या केंद्रात जाऊन कुठल्या वाटा उघड्या आहेत ते विचारा. हुकर व्हॅलीची वाट सगळ्यांना माहीत असते, पण तिथे पुलांच्या कामामुळे काही भाग बंद ठेवले जातात, आणि आई-बाबांना ती लांबही पडेल. केआ पॉइंटची जाऊन-येऊन तासाभराची वाट त्यांना झेपेल. ज्यांना चालायचं नाही त्यांनी हिलरी सेंटरमध्ये बसावं. एडमंड हिलरी एव्हरेस्टआधी याच डोंगरांत तयार झाले, आणि १९८५ ते १९८९ ते न्यूझीलंडचे भारतातले उच्चायुक्त होते. बाबांच्या वयाच्या माणसांना ते नाव जवळचं असतं. डोंगर ढगात असेल तर वाट पाहत बसू नका. २१ला सकाळी आभाळ मोकळं दिसलं तर वानाकाला जाताना पुन्हा आत शिरता येतं, तेवढी सवड त्या दिवशी आहे.

आता चालवण्याबद्दल. इथेही डावीकडून चालवतात, त्यामुळे आपल्या माणसांना अमेरिकन किंवा युरोपीय पर्यटकांसारखा बाजूचा गोंधळ होत नाही. आणि त्यामुळेच ते गाफील राहतात. बाजू तीच, पण सवयी वेगळ्या.

गाडी ऑटोमॅटिक मिळेल. तुम्ही रोज गिअरची गाडी चालवत असाल तर पहिल्या सिग्नलला तुमचा डावा पाय क्लच शोधायला जाईल, ब्रेकवर पडेल आणि गाडी जागच्या जागी आपटून थांबेल. चावी घेतल्यावर त्याच आवारात दहा मिनिटं पुढे-मागे करा, डावा पाय मागे सीटखाली ओढून ठेवा. मग पहिलं अंतर शहरातलंच असू द्या, सुपरमार्केटपर्यंत. तिथवर दोन-तीन राउंडअबाउट, म्हणजे बिनसिग्नलचे गोल चौक लागतीलच. नियम सोपा आहे: तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रिकामं दिसलं की आत शिरायचं, आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर. आपल्याकडे जो आधी नाक घालेल तो जातो. इथे समोरचा तुम्ही थांबणार हे धरूनच येतो आणि वेग कमी करत नाही.

लाल सिग्नलला डावीकडे वळायची मुभा नाही, हिरवा बाण असेल तरच. ‘स्टॉप’च्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा असला तरी. हिरव्या दिव्यावर वळताना रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. हॉर्न वाजवणं इथे भांडण काढण्यासारखं आहे. समोरच्याने हेडलाइट चमकवला तर तो ‘मी येतोय, बाजूला हो’ असं म्हणत नसतो. बहुतेक वेळा पुढे काही अडथळा आहे असं सुचवत असतो, किंवा तुम्हाला आधी जा म्हणत असतो.

वेगमर्यादा गावांत बहुधा ५० आणि खुल्या रस्त्यावर १००. हा १०० आकडा फसवा आहे. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ५५, ६५ असे आकडे असतात. ते सुचवलेले वेग आहेत, आणि त्यांवर पूर्ण विश्वास ठेवा. ३५ लिहिलंय तिथे वळण खरंच ३५चं असतं. गुगल जो वेळ दाखवतं त्याला दीडने गुणा. थांबे धरून तेवढाच लागतो. तुम्हाला सावकाश जायचं असेल तर खुशाल जा, पण मागे गाड्या साठल्या की पुढच्या मोकळ्या जागी डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. हा कायदाही आहे. स्थानिक लोक रखडवणाऱ्या किंवा रेषा ओलांडणाऱ्या गाडीची तक्रार स्टार ५५५ वर फोन करून देतात आणि पोलीस खरोखर येतात. मधली रेषा तुमच्या बाजूने अखंड पिवळी असेल तर ओव्हरटेक नाही, पुढे कितीही लांबचं दिसत असो.

एकेरी पूल हा प्रकार आपल्याला पाटीसह नवा असतो, म्हणून नीट सांगतो. पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा, एक लहान. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं, पलीकडची गाडी आधी येईल. निळ्या पाटीवर तुमच्या दिशेचा बाण मोठा पांढरा असेल तर आधी तुमचा हक्क, पण तरीही पलीकडचा थांबतोय ना हे डोळ्यांनी पाहूनच पुढे व्हायचं. असे पूल मिलफर्डच्या रस्त्यावर लागतील.

वहिनींना आग्रह करून दुसरी चालक म्हणून नाव घालायला लावा. त्यांनी कॉफीच्या थांब्यानंतर चाळीस-पन्नास किलोमीटर सरळ रस्ता सांभाळला तरी तुमचा थकवा निम्मा होतो, आणि तुम्हाला बरं वाटेनासं झालं तर सगळं कुटुंब तिथे अडकून पडत नाही. दोघांचेही मूळ परवाने बरोबर हवेत. मोबाइलमधला फोटो चालत नाही. परवाना इंग्रजीत असेल तर तो चालतो, नसेल किंवा कार्डावरची अक्षरं पुसट झाली असतील तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. तसाही काढलात तर काउंटरवरची चर्चा वाचते. शिवाय एक नियम मी प्रत्येक कुटुंबाला घालून देतो: पहिले तीन दिवस पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही. नकाशा, थांबे, पाणी, गप्पा हे त्याचं काम. त्याला झोप आवरत नसेल तर त्याने मागे जावं आणि दुसऱ्याने पुढे यावं. गाडी चालवणाऱ्याला दोनदा जांभई आली की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं आणि त्याने सीट मागे पाडून वीस मिनिटं डोळे मिटायचे. काच खाली करून किंवा गाणी लावून झोप जात नाही.

गाडी कुठली? पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा मध्यम एसयूव्हीत बसत नाहीत, कंपनीच्या चित्रात कितीही बॅगा दाखवल्या तरी. सात सीटची गाडी घ्या, मागची रांग पाडून ठेवा. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत तिच्यासाठी मान्यताप्राप्त चाइल्ड सीट किंवा बूस्टर कायद्याने सक्तीचा आहे, तो बुकिंगच्या वेळीच सांगा. डिसेंबरच्या शेवटी काउंटरवर शिल्लक राहत नाहीत. कॅम्परव्हॅनचा, म्हणजे आतच झोपायची सोय असलेल्या गाडीचा मोह या प्रवाशांबरोबर टाळा. आई-बाबांना रात्री उठून अरुंद जागेत वावरणं कठीण जातं, आणि पहिल्या आठवड्यात एवढी मोठी गाडी वाऱ्यात सांभाळणं तुम्हालाही. मोटेलचं दोन खोल्यांचं युनिट घ्या. त्यात स्वयंपाकाची सोय असते, आणि चेक-इनला आल्यावर चहासाठी दुधाची छोटी बाटली हातात देण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. रिसेप्शन रात्री लवकर बंद होतं, उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करून ठेवा.

गाडी घेताना सावकाश, उजेडात, चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. पुढच्या काचेवरचे बारीक टवके, चाकांच्या रिमवरचे ओरखडे, छप्पर, स्टेपनी. काच आणि टायर बहुतेक साध्या विम्यात नसतात आणि इथल्या खडीच्या रस्त्यांवर तेच जातं. ते संरक्षण वेगळं घ्या. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर भाड्याच्या गाडीचा विमा लागू नसतो, तिकडे जाऊच नका. दार उघडताना एक हात कायम दारावर. टेकापो-पुकाकीकडचा वायव्येचा वारा दार उलटं फिरवून बिजागरं वाकवतो, आणि ते नुकसान बऱ्याच करारांत भाडेकरूच्या माथी असतं. मुलीला आतून दार उघडू देऊ नका. डिझेलची गाडी मिळाली तर परत करताना किलोमीटरमागे रस्ताकर वेगळा लागतो, तो हिशेबात धरा. डिपॉझिटसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. त्या कार्डावर परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करून, पिन पाठ करून या. आडगावचे पेट्रोलपंप बिनमाणसांचे असतात आणि पिनशिवाय चालत नाहीत.

खाऊचं विचारलंत. चिवडा, चकली, मेतकूट, गोडा मसाला, पाकीटबंद लोणचं आणा, पण विमानात किंवा आधी ऑनलाइन भरायच्या फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ हेच उत्तर द्या. जाहीर केलेला पदार्थ चालला नाही तर ते फक्त काढून घेतात. जाहीर न केलेला सापडला तर ४०० डॉलर दंड जागेवर. विमानात दिलेलं सफरचंद पिशवीत राहिलं तरी हाच दंड. मध आणि ताजी फळं आणूच नका. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थही घरीच ठेवा. बुटांच्या तळव्यांची माती घासून या आणि ट्रेकिंगचे बूटही जाहीर करा. सगळं खाण्याचं एकाच बॅगेत ठेवलंत तर उघडून दाखवायला पाच मिनिटं लागतात. पाच बॅगांत विखुरलंत तर आई-बाबा तासभर उभे राहतील. तांदूळ, डाळ, दही, भाज्या इथे क्राइस्टचर्चलाच भरा, पुढच्या गावांत दर चढे आणि माल मोजका.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. तुम्ही जूनमध्ये येणार असता तर हा बेत उलटा झाला असता: अंधार पाचला, सकाळी सावलीतल्या वळणांवर न दिसणारा बर्फाचा थर, बरोबर बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या, म्हणजे फक्त अकरा ते चार चालवायचं. ऑस्ट्रेलियात आधी चार दिवस राहून आलात तर पहिल्या दिवशी गाडी घ्यायला हरकत नाही, शरीर बरंचसं जुळलेलं असतं. दोघंही सराईत चालक आणि बरोबर मूल नाही, म्हातारं माणूस नाही, तर टेकापोची एक रात्र कमी करता येते. पण एकच चालक असताना उतरल्या दिवशी चालवायची सूट मी कुणालाच देत नाही.

मग तुमचा बेत असा होतो. १८ क्राइस्टचर्च, १९ आणि २० टेकापो, २१ला लिंडिस पासवरून वानाका. हा साधारण दोनशे किलोमीटरचा रस्ता अतिशय देखणा आहे आणि तोवर तुमचं घड्याळही बरंच जुळलेलं असेल. २२ला वानाकाहून थेट मिलफर्डच्या वाटेवरच्या टे आनाऊ गावी, दोन रात्री. क्राउन रेंजचा घाट देशातला सर्वांत उंच डांबरी मुख्य रस्ता आहे, पण आईंना गाडी लागत असेल तर तो सोडा आणि क्रॉमवेलवरून या. क्रॉमवेलच्या फळांच्या दुकानांत तेव्हा चेरी आलेल्या असतात. २३ला मिलफर्ड, २४ ते २७ क्वीन्सटाउन.

मिलफर्डबद्दल माझं मत कडक आहे. क्वीन्सटाउनहून ते एका बाजूने २८८ किलोमीटर, चार तास. जाऊन-येऊन आठ तास चालवायचे, मधे बोट. एकट्या चालकाने हे करू नये, चौथ्या दिवशी तर मुळीच नाही. क्वीन्सटाउनहूनच करायचं असेल तर सरळ बस घ्या. टे आनाऊला राहिलात तर तेच अंतर १२० किलोमीटरच्या आत येतं, वाटेत मिरर लेक्सला थांबता येतं, आणि होमर बोगद्याच्या सिग्नलला उभं राहावं लागलं तरी जीव टांगणीला लागत नाही. टे आनाऊ सोडल्यावर बहुतेक रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते; टाकी तिथेच भरा, नकाशा आधीच उतरवून घ्या, आणि बोटीची वेळ रस्त्याच्या वेळेपेक्षा तासभर पुढची निवडा.

२५ला नाताळ. त्या दिवशी दुकानं जवळजवळ सगळी बंद असतात, म्हणून क्वीन्सटाउनला २४च्या दुपारी पोचल्या पोचल्या दूध-भाजी भरून ठेवा. आणि टे आनाऊच्या दोन खोल्या आत्ताच बुक करा. नाताळाच्या आसपास न्यूझीलंडचे लोक स्वतः सुट्टीवर निघतात आणि ते गाव लहान आहे. तिथे जागा मिळते की नाही ते कळवा. नाही मिळाली तर वानाकाची रात्र मागे-पुढे करून २३ऐवजी दुसरा दिवस बसवता येईल, ते मी बघून सांगतो.